सुपाखालचं पाऊल

माझी बहीण फालेसी मेली त्या सकाळी पाऊस थांबून तीन-चार तास झाले असतील. हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं, पाऊलखुणा वाचायला शिकल्यावर. तेव्हा एवढंच दिसत होतं की मका आडवा पडलाय आणि आई हातात सूप घेऊन धावतेय.

फालेसी एकोणीस वर्षांची होती. रात्री शेतात हत्ती आला होता. उजाडता उजाडता तो नदीकडे परत गेला असेल असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. काय शिल्लक राहिलंय ते बघायला ती कुदळ खांद्यावर टाकून गेली. हत्ती गेला नव्हता. शेताच्या टोकाला, उंच ज्वारीत उभा होता.

लोक धावत आले. रडारड, आरडाओरडा सुरू झाला. आईनं मात्र आधी एक काम केलं. चिखलात एक पाऊल चांगलं उमटलं होतं, त्यावर तिनं सूप पालथं घातलं. म्हणाली, "वनरक्षक येईपर्यंत ही माणसं सगळं तुडवतील." मग ती फालेसीपाशी जाऊन बसली. मला तिकडे बघवेना, म्हणून मी सुपाकडे बघत उभी राहिले.

दुपारी वनरक्षक आले. त्यांच्याबरोबर फिलिमोनी होता. आमच्या खोऱ्यात माग काढण्यात त्याच्यासारखा कोणी नाही. सगळे त्याला मदाला म्हणतात, म्हणजे म्हातारबा. त्यानं सूप उचललं आणि उकिडवा बसून बराच वेळ पाहिलं. मीही पाहिलं. पुढच्या पायाचा गोल ठसा. बाहेरच्या नखापासून टाचेकडे तिरकी गेलेली एक खोल भेग, टोकाला तिला फुटलेले दोन फाटे, आणि टाचेच्या कडेला नखाएवढा तुकडा उडालेला. दुसरीकडे कुठेच बघायचं नव्हतं, म्हणून मी तेच बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी तळ्याकडून गोळीचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत हत्तीचं मांस गावात पोचलं. पहिला वाटा आमच्या घरी आला. आईनं शिजवलं. मी न्शिमाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा केला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. मऊ होतं की वातड, आठवत नाही.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही. बायका विहिरीवर म्हणायच्या, "हिच्या डोळ्यांत टिपूस नाही बघा. सख्खी बहीण ना गं?" मला ऐकू यायचं. त्याचंही काही वाटायचं नाही. पीक निघालं, शेंगदाणे काढले, सोलले, सगळं वेळेवर केलं. मध्येच काम संपलं की मी भिंतीकडे बघत बसायची.

जूनमध्ये गावोगावचे लोक वनरक्षक म्हणून घ्यायचे असं सांगत वनखात्याची मोटार फिरली. पळता आलं पाहिजे, लिहिता-वाचता आलं पाहिजे, एवढीच अट होती. आई म्हणाली, "जा."

"कशाला?"

"इथं बसून भिंत बघतेस. तिथं निदान झाडं बघशील."

मी गेले.

शिकण्याचा तळ नदीच्या वळणावर होता. आम्ही बाराजण, त्यात बाई मी एकटीच. पहाटे पाठीवर वाळूची पिशवी घेऊन पळायचं, मग कवायत, मग रायफल उघडून पुसून परत जोडायची, मग जखम बांधायला शिकायचं. त्यात काही अवघड नव्हतं. सांगितलेलं करायचं, एवढंच होतं. नऊ वाजता मात्र सगळ्यांना मदालाच्या हवाली करत.

मला बघून तो दचकला का, ते सांगता येणार नाही. त्यानं नाव विचारलं. मी म्हणाले, "झेलिपा. काफुम्बे गावची." त्यानं मान हलवली आणि पुढच्याकडे वळला.

तो शिकवायचा म्हणजे चालायचा. आम्ही त्याच्या मागे. वाटेत काठी टेकवायचा आणि थांबायचा.

"हे काय?"

"खडू, मदाला," लाझालो म्हणाला. लाझालो आधी घरं शाकारायचा. त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. "जवळपास शाळा असेल."

"ही तरसाची विष्ठा. हाडं खाऊन पांढरी होते. शाळेत गेला असतास तर खडू कसा असतो ते कळलं असतं."

सगळे हसले. मदालाही हसला. मी विष्ठा पाहिली आणि लक्षात ठेवली.

ऊन समोर ठेवून बघायचं, म्हणजे ठशाच्या कडेची सावली आपल्याकडे पडते आणि ठसा उठून दिसतो. पायाशी बघायचं नाही, दहा पावलं पुढे बघायचं. माग तुटला तर शेवटच्या ठशापाशी काठी रोवायची आणि तिच्याभोवती गोल फिरायचं. मुंग्यांसाठी वाळूत खड्डा करून बसणारा तो बारीक किडा ठशाच्या आत खड्डा करून बसला असेल, तर ठसा आजचा नाही. मोडलेल्या फांदीला जीभ लावून ओल बघायची. लीद फोडून आत बोट घालायचं. लाझालो म्हणायचा, "बायकोला सांगणार नाही हं मी हे."

पंधरा-वीस दिवसांत मी सगळ्यांच्या पुढे गेले. माग काढताना मला पुढे ठेवायला लागले. एकदा कोरड्या ओढ्यात आम्ही बिबळ्याचा माग काढत होतो. दोघांनी शपथेवर सांगितलं की तो उजवीकडे चढला. मी म्हणाले, नाही, खालीच गेलाय. खालीच गेला होता.

मदाला बाकीच्यांना म्हणाला, "ही का चुकत नाही, माहितेय? तुम्हाला बिबळ्या सापडायला हवा असतो. मग तुम्हाला जिथंतिथं बिबळ्या दिसतो. हिला काही नको असतं. जे आहे तेवढंच हिला दिसतं."

ते कौतुक होतं बहुतेक. त्याच दिवशी परत येताना लाझालो मागून ओरडला, "झेलिपा! अगं, पायातून रक्त येतंय!"

मी खाली पाहिलं. बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार गेला होता. मोजा ओला झाला होता.

"हो," मी म्हणाले.

"हो काय, हो! बस खाली. किती वेळ चालतेयस अशी?"

"माहीत नाही."

त्यानं बूट काढला, काटा उपटला, शिकल्याप्रमाणे जखम बांधली. आणि त्यानंतर तळापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. लाझालो गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

ऑगस्टमध्ये हत्तीचा पाय शिकवला. मदाला म्हणाला, पुढचा पाय गोल, मागचा लांबट. पुढच्या ठशाचा घेर दोरीनं मोजून दुप्पट केला की खांद्याची उंची कळते. म्हाताऱ्याच्या टाचा झिजून गुळगुळीत होतात. "आणि तळव्यावरच्या भेगा. माणसाच्या बोटावरच्या रेघा जशा कुणासारख्या कुणाच्या नसतात, तशाच ह्या. एक पाय एकदा नीट पाहिला की जन्मभर तो हत्ती ओळखता आला पाहिजे. प्रत्येकानं एकेक तळवा काढा. पाहिलेला कुठलाही."

आम्ही काटक्या घेऊन धुळीत बसलो. बाकीच्यांनी सकाळचा, कालचा असे ठसे आठवून काढले. लाझालोचा तर भाकरीसारखा होता. माझा हात आपोआप चालला. गोल, तिरकी भेग, दोन फाटे, टाचेचा उडालेला तुकडा.

मदाला बघत बघत माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्यानं चपलेनं ते चित्र पुसलं आणि म्हणाला, "चला, ऊन चढतंय."

चूक झाली असेल असं मला वाटलं. मी विचारलंही नाही. तो हत्ती तर मेला होता.

सप्टेंबरच्या शेवटी परीक्षा होती. प्रत्येकानं एका जनावराचा माग काढायचा, वारा सांभाळून त्याच्या चाळीस पावलांवर जायचं, आणि त्याला कळू न देता सगळ्यांना मागे आणायचं. माझ्या वेळी माझ्यामागे लाझालो आणि त्याच्यामागे रायफल घेऊन मदाला होता. नदीकाठी एकट्या नराचा ताजा माग मिळाला. मी दोरीनं घेर मोजला. मोठा होता, म्हातारा होता, टाच झिजलेली. पाणी पिऊन तो वाळूतून वर चढला होता. तिथं वाळू ओली होती, आणि ठसा अगदी सुपाखाली ठेवल्यासारखा स्वच्छ होता.

तिरकी भेग. टोकाला दोन फाटे. टाचेच्या कडेचा तुकडा.

मी उकिडवी बसले. छातीत काही झालं का ते बघितलं. नव्हतं झालं. मागे वळून मदालाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पलीकडच्या काठावर बघत होता.

"काय झालं?" लाझालोनं ओठ हलवून विचारलं.

मी हातानं खूण केली, पुढे. आणि चालायला लागले.

दीड तास लागला. एका ठिकाणी मोपानेच्या झाडांखालच्या पाचोळ्यात माग तुटला. मी काठी रोवली, गोल फिरले, परत मिळवला. लीद फोडली, कोमट होती. राखेची पुरचुंडी झटकली, राख आमच्याकडे उडाली, म्हणजे वारा ठीक होता. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं.

तो बाभळीखाली उभा होता. उन्हाळ्यात हिरव्या होणाऱ्या आमच्या बाभळी, त्यांच्या पिवळ्या, वळलेल्या शेंगा खाली पडल्या होत्या. तो एकेक शेंग सोंडेच्या टोकानं उचलत होता, झटकत होता, तोंडात टाकत होता. डावा सुळा अर्धा तुटलेला. कान फाटलेला. कुरकुर चावल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

चाळीस पावलं. मी हात वर केला, दोघे थांबले.

आता काहीतरी येईल असं वाटलं. राग येईल, नाहीतर भीती. मी थांबले आणि वाट बघितली. फालेसीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर तिची कुदळ आठवली. हत्तीनं एक शेंग खाली पाडली, ती शोधली, परत उचलली. माझ्या मानेवर माशी बसली. लाझालोनं माझ्या कोपराला बोट लावलं. मी त्यांना आल्या वाटेनं मागे आणलं. हत्तीनं कान फडफडवले, पण तो आमच्याकडे वळला नाही.

नदीवर आल्यावर मदालानं लाझालोला पाणी भरायला पुढे पाठवलं. आम्ही दोघं एका आडव्या ओंडक्यावर बसलो.

मी म्हणाले, "तुम्ही सूप उचललंत तेव्हा मी तिथंच होते."

"माहितेय."

"मग तो तळ्यावरचा कोण होता?"

त्यानं रायफल मांडीवर आडवी ठेवली. "दुसऱ्या दिवशी माग तळ्यात उतरला. पलीकडे चार नरांचे माग निघाले, एकमेकांत मिसळलेले. दगडाळ जमीन. अजून दोन दिवस मिळाले असते तर वेगळा केला असता. पण मागे तुमच्या गावची चाळीस माणसं कुऱ्हाडी घेऊन चालत होती. तुझा मामा सगळ्यांत पुढे. एक नर समोर आला. वनरक्षकांच्या साहेबानं विचारलं, हाच का? मी म्हणालो, हाच."

"तुम्हाला वाटलं हाच?"

"मला तो हाच असायला हवा होता." त्यानं रायफलचा पट्टा सरळ केला. "पडल्यावर मी त्याचा पाय उचलून बघितला. तळव्यावर तसली भेग नव्हती. तोवर लोक नाचायला लागले होते. मी पाय खाली ठेवला."

नदीत पाणघोडे फुसकारत होते.

"मग हा माग आज मला का दिलात?"

"मी नाही दिला. नदीवर जो ताजा मिळेल तो काढायचा, असंच ठरलं होतं. पण ठसा बघितल्यावर तुला थांबवू शकलो असतो. नाही थांबवलं." त्यानं हातानं तोंड पुसलं. "गावात सांगायचं तर सांग, पोरी. मी नाही म्हणणार नाही."

लाझालो पाणी घेऊन येताना दिसला. मदाला उठला.

"पास आहेस. पण चाळीस पावलांवर चार मिनिटं जास्त थांबलीस. त्याचे गुण कापणार."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

दहा दिवसांच्या रजेवर घरी गेले. आई अंगणात उखळात मका कांडत होती. मी दुसरं मुसळ घेतलं आणि तिच्या तालात कांडायला लागले. कांडता कांडता सगळं सांगितलं. तिचा ताल चुकला नाही.

शेवटी ती म्हणाली, "मांस तर आपण खाल्लं."

"हो."

"तो दिसला तेव्हा तुला काय वाटलं?"

"काही नाही."

आईचं मुसळ वरच थांबलं. माझं एकटंच खाली पडलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आई. फालेसी गेल्यापासून मला काही वाटतच नाही."

ती उखळाच्या कडेवर टेकली. म्हणाली, "मलाही नाही. प्रेतापाशी रडले ती लोकांसाठी. मला वाटायचं, मीच तेवढी आई म्हणून खोटी. तुला कसं विचारू?"

आम्ही दोघी बसून राहिलो. कोंबड्या येऊन उखळाभोवतीचे दाणे टिपून गेल्या. कोणी हाकललं नाही.

मग तिनंच ठरवलं की सांगायचं. गावच्या मुखियापुढे, मोठ्या चिंचेखाली माणसं जमली. मी निरोप पाठवला होता. तीस मैल सायकल मारून मदाला आला. मी जे पाहिलं ते सांगितलं, आणि तो उभा राहून म्हणाला, "ती खरं बोलतेय. चूक माझी होती आणि मी ती लपवली."

मग मामा म्हणाला, "मग आम्ही कुणाचं मांस खाल्लं?"

मागून एकजण ओरडला, "म्हाताऱ्याचे डोळे गेले, तर काठी घेऊन घरी बसावं की!" दुसरा म्हणाला, "आणि तू पुढे नाचत होतास, ते विसरलास का?" त्यावर दोघांची जुंपली. एक म्हातारी मदालाच्या पायाशी थुंकली. तो तसाच उभा राहिला.

मुखियानं सगळ्यांना गप्प केलं आणि आम्हा मायलेकींकडे वळला. "मेलेली मुलगी तुमची. खरा मारेकरी अजून जिवंत आहे. त्याला मारावं म्हणून वनखात्याकडे अर्ज करायचा का, तुम्ही सांगा."

आईनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "त्याला मारून मला काही वाटणार नाही. न मारूनही काही वाटणार नाही. मग कशाला मारायचं?"

"हे काय बोलणं झालं?" मामा म्हणाला.

"जे आहे तेच सांगितलं."

आई म्हणाली, "तिचं म्हणणं तेच माझं."

अर्ज झाला नाही. मदालानं स्वतःच शिकवणं सोडलं. आता तो घरी टोपल्या विणतो. त्याच्याकडे पूर्वीसारखं कोणी शिकायला जात नाही. मी आठवड्यातून एकदा जाते. तो विणत असतो, मी काय काय पाहिलं ते सांगते. चुकलं असेल तिथं तो मान हलवतो. त्याला मी माफ केलं का, असं लाझालोनं एकदा विचारलं. मी त्याला सांगितलं, माफ करायला आधी राग यावा लागतो.

माझी नेमणूक काफुम्बेलाच झाली. पाऊस लागला, पिकं वर आली. हत्तीला मिरचीचा वास सोसत नाही, म्हणून मी आणि लाझालोनं गावकऱ्यांना घेऊन शेतांभोवती दोर बांधले. त्यांवर वंगणात कालवलेली मिरचीपूड थापलेली फडकी लटकवली. वाऱ्याच्या बाजूला लिदीत मिरची घालून केलेल्या विटा धुमसत ठेवल्या. तोच म्हातारा नर दोनदा दोरापर्यंत येऊन माघारी गेला. सकाळी जाऊन मी ठसे बघायची, वहीत लिहायची. भेग, फाटे, टाच.

मार्चमध्ये एका रात्री भिजून विटा विझल्या आणि तो आत शिरला. सकाळी मी गेले तेव्हा तिमारा नावाची बाई बांधावर उभी होती. तिच्या मक्याच्या सहा ओळी गेल्या होत्या. मी आत उतरून मोजायला लागले.

"ये, ये, मोज!" ती ओरडली. "आला होता तुझा लाडका. तुझा हत्ती!"

मी मोजत राहिले.

"बहिणीला खाल्लं त्याला पोसतेस, बाई! आमच्या मक्यावर पोसतेस! त्याला ओवाळायला येतेस का रोज सकाळी?"

"माझा हत्ती?" मी म्हणाले.

"मग कुणाचा? अर्ज करू दिला नाहीस ना!"

"माझा हत्ती?" हे मी मोठ्यांदा म्हणाले. वही खाली पडली. "पहारा कुणाचा होता काल? तुझ्या नवऱ्याचा! विटा झाकायला ताडपत्री दिली होती, ती कुठंय? तुमच्या छपरावर! मी बघितली येताना! घर गळतं म्हणून ताडपत्री नेलीत, आणि हत्ती माझा? लाज नाही वाटत? लहान आहेस का तू?"

मी अजून बरंच काही बोलले. फालेसीचं नावही घेतलं, दोनदा. घसा फाटल्यासारखा झाला. आजूबाजूच्या शेतांतली माणसं कामं टाकून बघत होती. लाझालो बांधावर वीट घेऊन उभा होता, तो तसाच राहिला.

तिमारा दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, "बरं बाई, बरं. ताडपत्री आणून देते."

"आत्ता आण!"

ती खरंच गेली. मी तिथेच मक्यात खाली बसले. श्वास लागला होता. घशात आग होत होती, तळहात दुखत होते. मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं रुतली होती. लाझालो जवळ आला. त्यानं माझी वही उचलली, चिखल पुसला, आणि उरलेल्या दोन ओळी त्यानंच मोजल्या.